घागर एक, पण कितीची?

लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी सहावीला गणित शिकवते. स्तंभालेखाचं प्रकरण आलं की मी पोरांना आधी शाळेच्या हौदावर नेते. एक घागर भरली की वहीत एक उभी रेघ, पाचवी रेघ आधीच्या चारांवर आडवी. या ताळ्याच्या खुणा. यंदा हिशेब आला तो असा: सोमवार २० घागरी, मंगळवार ३५, बुधवार १५, गुरुवार ४०, शुक्रवार ३०.

आता पेन्सिल लगेच टेकवायची नाही. आधी प्रमाण. चित्रालेखासाठी आम्ही ठरवलं, १ चित्र = १० घागरी. म्हणजे सोमवारी दोन चित्रं, मंगळवारी साडेतीन, बुधवारी दीड, गुरुवारी चार, शुक्रवारी तीन. अर्धी घागर काढताना ती उभी मधोमध कापा, म्हणजे पाच घागरी आहेत हे लगेच कळतं.

इथे एका मुलीनं प्रत्येक वाराला एकच घागर काढली, आणि गुरुवारची भलीमोठी. "मॅडम, पानी जास्त होतं म्हनून घागर मोठी काढली." तिचं म्हणणं पटण्यासारखं होतं. मी तिची सोमवारची घागर शेजारी काढली आणि पट्टी लावायला सांगितली. पाणी दुप्पट म्हणून तिनं उंची दुप्पट केली होती, रुंदीही दुप्पट. त्यामुळे कागदावर जागा चौपट गेली आणि डोळ्यांना पाणीही चौपट दिसलं. म्हणून चित्राचा आकार तोच ठेवायचा, वाढवायची ती संख्या.

स्तंभालेख आलेख कागदावर काढा. आडव्या अक्षावर वार, उभ्या अक्षावर घागरी. प्रमाण १ सेमी = ५ घागरी घेतलं तर स्तंभांची उंची अनुक्रमे ४, ७, ३, ८ आणि ६ सेमी येते. जाडी सारखी, मधलं अंतर सारखं. प्रमाण उजव्या कोपऱ्यात लिहा.

उभा अक्ष शून्यापासूनच सुरू करा, यात मी अजिबात सूट देत नाही. जागा वाचवायला कुणी १० पासून सुरुवात केली, तर बुधवारचा स्तंभ १ सेमीचा आणि गुरुवारचा ६ सेमीचा होतो. पाहणाऱ्याला वाटतं पाणी सहापट. खरं तर ते तिपटीपेक्षाही कमी आहे.

वाचताना आधी प्रमाण बघा, मग उंची. गुरुवार आणि बुधवार यांत ५ सेमीचा फरक, म्हणजे २५ घागरींचा. पण गुरुवारीच एवढं पाणी का, ते आलेख सांगत नाही. ते पोरांनी सांगितलं: त्या दिवशी टँकर आला होता.

शेवटी मी लातूरच्या पाण्याच्या रेल्वेचं गणित घालते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पहिली गाडी आली तेव्हा १० वाघिणींत (मालगाडीच्या डब्यांत) ५ लाख लिटर पाणी होतं. पुढे ५० वाघिणींची गाडी २५ लाख लिटर आणू लागली. १ चित्र = ५ लाख लिटर धरून पहिल्या गाडीपुढे मी एकच वाघीण काढते. पोरं हमखास विचारतात, "मॅडम, बाकीच्या नऊ कुठायत?" मी फळ्यावरच्या प्रमाणाकडे बोट दाखवते आणि विचारते, १ चित्र = १ लाख लिटर धरलं तर दोन्ही गाड्यांची चित्रं किती होतील?