मार्चच्या परिषदेची तयारी: आधी सही, मग चंद्र

गेल्या वर्षी ह्यूस्टनजवळच्या द वुडलँड्सला होणाऱ्या चांद्र व ग्रह विज्ञान परिषदेत माझा गोषवारा स्वीकारला गेला, आणि मी नागपुरातच राहिले. प्रवास अनुदानाच्या अर्जाला संस्थाप्रमुखांचं सही-शिक्क्याचं पत्र जोडायचं होतं. ते माझ्याकडे नव्हतं. पोस्टर सहलेखकाने लावलं. लोणारच्या ज्या दगडांवर मी दोन हिवाळे घालवले, त्यांच्याबद्दल तिथे कोणी काय विचारलं ते मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं. यंदा विभागातली तीन-चार मुलं अर्ज करणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहिलं काम सही. डेटा नाही, नकाशा नाही, सही. अनुदानाच्या योजनेचं पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि त्यात नेमकी कुणाची सही मागितली आहे ते बघा. माझ्याकडे विभागप्रमुखांची सही होती आणि मी निर्धास्त होते. मुदतीच्या दिवशी दुपारी साडेतीनला कळलं की सही हवी संस्थाप्रमुखांची, आणि ते दौऱ्यावर. त्यामुळे पत्राचा मसुदा नोव्हेंबरातच तयार ठेवा. गोषवारा स्वीकारला जाईपर्यंत थांबू नका. ‘स्वीकृतीच्या अधीन राहून जाण्यास हरकत नाही’ असं पत्र आधीच मिळू शकतं, फक्त मागावं लागतं. फाइल विभागातून आस्थापनेकडे, तिथून लेखा शाखेकडे आणि मग वर जाते. प्रत्येक टेबलावर दोन दिवस धरा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद, मोर्चे, निम्मे अधिकारी तिकडच्या कामात. त्यानंतर नाताळ. म्हणजे डिसेंबर तुमचा नाहीच, असं समजूनच चला.

आणि जावक क्रमांक. सही झाली, शिक्का बसला, पण जावक क्रमांक आणि तारीख नसेल तर ते पत्र कोरा कागद आहे. आवक-जावकच्या टेबलावरच्या भाऊंसमोर उभं राहून क्रमांक टाकून घ्या. उद्या नेतो म्हणू नका.

आता विषय. आपण बेसाल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकावर वाढलेली माणसं आहोत. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, सेमिनरी हिल्स बेसाल्टची, आणि चंद्रावरचे काळे डाग दिसतात तोही बेसाल्टच. १८ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने चांद्रयान-४ आणि शुक्र मोहीम एकाच दिवशी मंजूर केल्या. चांद्रयान-४ चंद्रावरची माती-दगड इथे आणणार आहे. ते दगड सूक्ष्मदर्शकाखाली वाचणारी माणसं लागतील, आणि दख्खनचा बेसाल्ट ज्याने बोटांनी चाचपला आहे त्याचा त्या कामावर हक्क आहे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून लोणार सोडू नका. बेसाल्टमध्ये उल्केच्या आघाताने झालेली आणि इतकी ताजी राहिलेली विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आत खारं पाणी, आणि आघाताने काच झालेला प्लॅजिओक्लेज (बेसाल्टमधलं एक खनिज), म्हणजे मास्केलिनाइट, इथे सापडतो. मंगळावरून आलेल्या उल्कापाषाणांतही तोच दिसतो.

वयाबद्दल मात्र जपून लिहा. तापदीप्तीच्या पद्धतीने (नमुना तापवून त्यातून निघणारा प्रकाश मोजून) १९९७ च्या सुमारास ५२ हजार वर्षं आलं होतं. २०११ साली आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने (खडकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून) सुमारे ५ लाख ७० हजार आलं. दहापटीहून मोठा फरक. गोषवाऱ्यात एकच आकडा लिहून पुढे जाल तर पहिला प्रश्न तोच येईल. दोन्ही लिहा आणि तुम्ही कोणता धरला, का धरला, ते एका वाक्यात सांगा.

लोणारला जायचं तर समृद्धीने मेहकरला उतरायचं, तिथून जवळच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात त्या कड्यावरून उतरायचा विचारही नको, विदर्भाचं ऊन आहे ते. पण तो परिसर अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. एकही दगड वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय उचलायचा नाही. त्या अर्जावरही संस्थेचं पत्र लागतं. पुन्हा तीच सही. म्हणजे पत्रं दोन, जावक क्रमांक दोन. एकाच फेरीत दोन्ही करून घ्या.

चंद्राचा डेटा घेणाऱ्यांसाठी: इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नोंदणी करा, चांद्रयान-२ चा डेटा तिथे आहे. त्यावरच्या ओएचआरसी कॅमेऱ्याची चित्रं १०० किलोमीटर उंचीवरून सुमारे २५ सेंटीमीटरपर्यंतचा तपशील दाखवतात. फाइली तेवढ्याच जड, घरच्या वायफायवर रात्रभर लावून ठेवा. पण सगळ्यांत महत्त्वाचं, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्टच्या सेटिंगला जाऊन लंबगोल, म्हणजे मोजमापासाठी धरलेला ग्रहाचा आकार, बदला. तिथे डब्ल्यूजीएस-८४ म्हणजे पृथ्वी बसलेली असते. चंद्राची त्रिज्या १७३७.४ किलोमीटर. पृथ्वीवर एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, चंद्रावर ३०. न बदलता विवराचा व्यास मोजला तर तो साडेतीनपटीहून मोठा येतो, आणि सॉफ्टवेअर चकार शब्द बोलत नाही. माझ्या एका धाकट्या सहकाऱ्याचा अख्खा तक्ता यात गेला. बिचाऱ्याने पंधरा दिवस मोजमाप केलं होतं. मोजणी सुरू करण्याआधी व्यास पक्का माहीत असलेलं एक विवर मोजून पाहा. चंद्रावरच्या टायको विवराचा व्यास सुमारे ८५ किलोमीटर आहे. तुमचा आकडा ३०० च्या आसपास गेला तर तुम्ही अजून पृथ्वीवरच आहात.

गोषवारा दोन पानांचा. आकृत्या, तक्ते, संदर्भ सगळं त्या दोन पानांत. इथे बरेच जण पहिलं पाऊण पान चांद्रयानाचा इतिहास लिहिण्यात घालवतात. गरज नाही, वाचणाऱ्यांना तो माहीत असतो. पहिल्या परिच्छेदात प्रश्न, शेवटच्यात तुमचं उत्तर, मध्ये एक चांगली आकृती. आकृतीवर मापपट्टी हवी आणि अक्षरं छापील पानावर वाचता यायला हवीत. सहलेखकांना आठवडाभर आधी दाखवा आणि प्रत्येकाचं ‘चालेल’ मेलवर घ्या. फोनवरचं धरू नका.

मुदत जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि ती अमेरिकेच्या मध्य प्रमाणवेळेत लिहिलेली असते. हिवाळ्यात आपल्यात आणि त्यांच्यात साडेअकरा तास. तिथले संध्याकाळचे पाच म्हणजे आपले दुसऱ्या दिवशीचे पहाटे साडेचार. जादा रात्र मिळाली म्हणून खूश होऊ नका. थंडीत तीन वाजता बसून केलेल्या चुका छापील राहतात. आदल्या दुपारी पाठवून मोकळे व्हा.

आणि त्या दिवशी पत्र हातात आहे का? नसेल तर गोषवारा पाठवून झाल्याझाल्या आस्थापनेत जा. चहा नंतर.

अमेरिका जमत नसेल तर अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेची भारतीय ग्रह विज्ञान परिषद सोडू नका. चांद्रयान-३ च्या रोव्हरवरचा एपीएक्सएस, म्हणजे माती-दगडातली मूलद्रव्यं ओळखणारा उपकरणसंच, तिथेच घडला. तो ज्यांनी बनवला त्यांच्याशी समोरासमोर बोलता येतं, आणि संशोधक-विद्यार्थी म्हणून प्रवेश घेण्याचा विचार असेल तर ही ओळख कामी येते. त्या प्रवेशाच्या जाहिराती स्वतः बघत राहा, कुणी सांगेल म्हणून थांबू नका. नेट किंवा गेटचा निकाल तयार असू द्या. नागपूरहून प्रेरणा एक्सप्रेसने थेट जाता येतं. रजेचं आणि प्रवासखर्चाचं पत्र इथेही लागेल. सही इथेही.

पुढचं भराभर सांगते. पासपोर्टवरचं नाव आणि गोषवाऱ्यावरचं नाव एकच ठेवा. व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबईला जावं लागतं, तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून स्वीकृतीचं पत्र आलं त्याच दिवशी फॉर्म भरा. पोस्टर कापडावर छापा, बॅगेत घडी करून जातं. आकाराचा नियम आधी बघा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात, ऑनलाइन जोडणाऱ्यांनी ते लक्षात ठेवा. विमा काढा. नमुने सोबत नेणार असाल तर वनविभागाच्या परवानगीची प्रत जवळ.

सहीचं पत्र स्कॅन करून मेलवर, फोनमध्ये आणि पेनड्राइव्हवर ठेवा, मूळ प्रत फाइलमध्ये. स्कॅन उघडून बघा, जावक क्रमांक कापला तर गेला नाही ना.