पीआरची फाइल बेळगावातच तयार होते

माझ्या जन्मदाखल्यावर इंग्रजीत गावाचं नाव ‘बेलगाम’, पासपोर्टवर ‘बेळगावी’. मार्क्स कार्डावर आडनाव आधी, मग माझं नाव, मग बाबांचं. लग्नानंतर बँकेत बाबांच्या जागी नवरा आला आणि आडनावही बदललं. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला यायची तयारी सुरू केली तेव्हा कागदोपत्री मी तीन बायका होते, त्यातल्या दोघी वेगवेगळ्या गावच्या.

दिवाळीत घरी गेले की कुंदा तोंडात टाकता टाकता कुणीतरी विचारतंच, ‘ताई, कॅनडा बरं की जर्मनी?’ यंदा मावशीचा मुलगा होता. मेकॅनिकल, उद्यमबागेत चार वर्षं नोकरी. त्याला म्हटलं, देशाचं नंतर बघू. तुझा फॉर्म 16, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला, आहे का? नव्हता. मग परदेशातल्या पीआरसाठी, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी, काय काय लागतं ते बसून त्याला जे सांगितलं, तेच इथे लिहिते.

नावापासून सुरुवात करा. गावाच्या नावाची काळजी नको, ते 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारनेच बदललं, अर्जासोबत एका ओळीचा खुलासा पुरतो. तुमचं स्वतःचं नाव मात्र सगळीकडे पासपोर्टशी जुळवून घ्या. जुळवता येत नाही तिथे, म्हणजे जुन्या मार्क्स कार्डावर वगैरे, ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र कोर्टाच्या आवारात नोटरीकडून करून घ्या. व्हिसाच्या फॉर्ममध्ये इतर नावांचा रकाना असतो, तिथे सगळी नावं लिहा, लपवू नका. जुना दाखला फक्त कन्नडमध्ये असेल तर त्याचं अधिकृत इंग्रजी भाषांतर लागतं.

डिग्रीच्या बाबतीत आपण नशीबवान. व्हीटीयूचं, म्हणजे कर्नाटकच्या तांत्रिक विद्यापीठाचं, मुख्यालय मच्छ्याजवळच आहे. कलबुर्गीच्या पोराला जे दोन दिवसांचं काम, ते आपल्याला सिटी बसने होतं. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांचा विद्यापीठाचा उतारा, जरा जास्त प्रतींमध्ये काढून ठेवा. घरातल्या मोठ्यांपैकी कुणाची डिग्री 1998 च्या आधीची असेल तर ते विद्यापीठ धारवाडचं, व्हीटीयू तेव्हा नव्हतं.

आता अनुभवाचा कागद. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा गुणांवर मिळतो, आणि इथे मी पाच गुण गमावले.

पदवीनंतर मी नऊ वर्षं काम केलं. पहिली दोन वर्षं एका छोट्या फाउंड्रीत. पगार अर्धा बँकेत, अर्धा पाकिटात. पीएफ नाही, फॉर्म 16 नाही. त्या वयात पाकीट बरं वाटतं. ऑस्ट्रेलियात इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया ही संस्था आपली पात्रता आणि अनुभव तपासते. तिला कंपनीच्या पत्राशिवाय तिसऱ्याकडचा पुरावाही लागतो, आयकराचा नाहीतर पीएफचा. माझ्याकडे त्या दोन वर्षांचा काहीच नव्हता. त्यामुळे नऊऐवजी सातच वर्षं धरली. तिथे परदेशातल्या अनुभवाला पाच ते सात वर्षांसाठी 10 गुण आणि आठपासून पुढे 15.

पत्र मागायला पुढच्या कंपनीत गेले तर एचआरने ‘शी वॉज हार्डवर्किंग’ असं दोन ओळींचं प्रशस्तिपत्र हातात दिलं. त्याचा उपयोग शून्य. पत्र लेटरहेडवर हवं. त्यात हुद्दा, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, पगार, प्रत्यक्ष काय काम करत होता ते चार-पाच मुद्द्यांत, आणि सही करणाऱ्याचं नाव, पद, फोन. मसुदा स्वतः टाइप करून न्या, नाहीतर महिने जातात. माझे पाच महिने गेले आणि त्यात 33 वा वाढदिवस येऊन गेला. ऑस्ट्रेलियात 25 ते 32 वयाला 30 गुण, 33 लागलं की 25. वय व्हिसासाठी अर्ज करा असं सरकारचं निमंत्रण येईल त्या दिवशीचं धरतात, त्याआधी आपण इच्छा नोंदवल्याचं नाही. त्या वर्षी केक मी आणू दिला नाही.

आता देश. थोडक्यात सांगते, कारण नियम वरचेवर बदलतात आणि शेवटी सरकारी संकेतस्थळच बघायचं असतं.

अमेरिकेत ग्रीन कार्डाच्या रांगेत तुमचा जन्म कुठल्या देशात झाला ते मोजतात, पासपोर्ट कुठला ते नाही. एका देशाला साधारण 7 टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतात जन्मलेल्या इंजिनिअरला ईबी-2 मध्ये, म्हणजे नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या उच्चशिक्षितांच्या गटात, दहा वर्षांहून जास्त थांबावं लागतं. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्याच्या रांगेत उभं राहता येतं, पण आपल्याकडे स्थळं खानापूर नाहीतर चंदगडचीच येतात.

कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर पीआरसाठी निवडायच्या पद्धतीत, तिशी उलटली की दरवर्षी गुण घसरतात. नोकरीच्या ऑफरचे जादा गुण 25 मार्च 2025 पासून बंद झाले. एजंट अजून ऑफर लेटर विकत असेल तर तिथूनच उठा. प्रांताचं नामांकन मिळालं तर 600 गुण. इंग्रजीत मोठी उडी सीएलबी 9 या त्यांच्या भाषेच्या पातळीला आहे, म्हणजे आयईएलटीएस जनरल या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंगला 8 आणि बाकी तिन्हींत 7.

जर्मनीत गुणांपेक्षा नोकरी महत्त्वाची. ब्लू कार्डावर, म्हणजे पदवीधरांच्या नोकरीच्या परवान्यावर, गेलात तर बी1 म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन असल्यास 21 महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, ए1 या अगदी पहिल्या पातळीवर 27 महिने. तुमचं विद्यापीठ आणि डिग्री तिथे मान्य आहे का ते अनाबिन नावाच्या यादीत आधी बघा. टूल रूम आणि मशीन शॉपमधल्या पोरांनी या देशाचा नीट विचार करावा असं माझं मत.

मी ऑस्ट्रेलिया निवडलं. तिथल्या व्यवसायांच्या यादीत मेकॅनिकल इंजिनिअरचा कोड 233512. आपली डिग्री थेट वॉशिंग्टन अकॉर्डखाली, म्हणजे इंजिनिअरिंगच्या डिग्र्या एकमेकांत मान्य करणाऱ्या कराराखाली, बसत नसेल तर सीडीआर नावाचं बाड लिहावं लागतं. त्यात तीन ‘करिअर एपिसोड’, प्रत्येक 1000 ते 2500 शब्दांचा, म्हणजे तुम्ही केलेल्या कामाच्या तीन गोष्टी. गावातल्या एका एजंटाने मला तयार एपिसोड दाखवले. कुणाच्यातरी पुलाचे होते, नाव बदलून चालतील म्हणाला. चालत नाहीत. इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियावाले नक्कल तपासतात आणि सापडलात तर पुढच्या अर्जावरही बंदी येते.

मी स्वतः लिहिले आणि पहिला खर्डा ॲडलेडच्या मैत्रिणीला पाठवला. तिचं उत्तर आलं, ‘यात तू कुठे आहेस?’ परत वाचलं. ‘पंपाच्या केसिंगमध्ये रिजेक्शन वाढलं होतं. आम्ही वाळूतली ओल तपासली, रायझर बदलला, रिजेक्शन कमी झालं.’ सगळीकडे आम्ही. आपल्याकडे ‘मी केलं’ म्हणणं आगाऊपणाचं. शिफ्टमध्ये तर फोरमनकाका बाजूला उभे असताना ‘मी’ तोंडातून निघत नाही. पण तपासणाऱ्याला आमची फाउंड्री नको असते, त्याला मी हवी असते.

म्हणून असं लिहिलं: ‘तुटलेले अकरा तुकडे मी कापून पाहिले. पोकळी दर वेळी जाड फ्लँजजवळच होती, म्हणजे दोष ब्लो होलचा (अडकलेल्या वायूचा) नसून श्रिंकेजचा (गोठताना लोखंड आकसल्याचा) आहे असं मी ठरवलं. पातळ भिंत आधी गोठत होती आणि फ्लँजला मागून लोखंड मिळत नव्हतं. मी रायझरची, म्हणजे जादा लोखंड पुरवणाऱ्या साच्यातल्या पोकळीची, मान मोठी करून तो फ्लँजकडे हलवला.’ काकांनी माझं म्हणणं आधी मानलं नव्हतं, ‘वाळूचंच आहे की ते, तुला काय कळतंय,’ म्हणाले होते. तेही लिहिलं, कारण वाद कसा सोडवला हे तपासणाऱ्यांना वाचायचंच असतं. हिशेबाची पानं, पॅटर्नचं स्केच, हीटची (भट्टीतल्या एका वितळणीची) नोंद असं काही घरी असेल तर जपा. कंपनीचं ड्रॉइंग मात्र परवानगीशिवाय लावू नका.

माझे गुण असे झाले: वय 25, पदवी 15, आयईएलटीएसमध्ये चारही विभागांत 7 म्हणून 10, अनुभव 10, नवऱ्याला चारही विभागांत 6 म्हणून 5. एकूण 65. किमान तेवढेच लागतात, पण तेवढ्यावर 189 चं, म्हणजे राज्याच्या नामांकनाशिवाय मिळणाऱ्या पीआर व्हिसाचं, निमंत्रण येईल म्हणून वाट बघण्यात अर्थ नव्हता. राज्याने नामांकन दिलं तर 190 या पीआर व्हिसाला 5 गुण वाढतात आणि 491 या प्रादेशिक व्हिसाला 15. ॲडलेड 491 साठी प्रादेशिक भागात मोडतं. मी 80 वर आत आले. 491 हा पीआर नव्हे, पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा आहे. तिथे राहून तीन आर्थिक वर्षांचे टॅक्सचे कागद जमले की 191 मागायचा, तो पीआर. माझे दोन जमलेत.

निमंत्रणानंतर अर्जाला 60 दिवस असतात, आणि पोलिसांचा दाखला त्यातच धावपळीत काढावा लागतो. पासपोर्टच्या साइटवरून अर्ज केला की चौकशीला हवालदार घरी येतो. आमच्याकडे आला तेव्हा मी पुण्यात होते. त्याने बाबांना कन्नडमध्ये विचारलं, मुलगी किती वर्षं इथे राहते. बाबांनी मराठीत सांगितलं, जन्मापासून. त्याने लिहून घेतलं, चहा घेतला आणि जाता जाता विचारलं, माझा मुलगा डिप्लोमाला आहे, त्याचं काही होईल का? बाबांनी त्याला माझा नंबर दिला. मी त्यालाही सांगितलं, पहिल्या नोकरीत पीएफ कापतात का ते विचार.