आधी झाडू, मग आसन

शाळेतून निवृत्त झालो तेव्हापासून दर रविवारी सकाळी सातला अंबाजोगाईत आमच्या ओट्यावर गल्लीतली बारा-तेरा लेकरं जमतात. त्यांच्या आयांना वाटतं, सर योगासनं शिकवतात. शिकवतो की, पण पहिली वीस मिनिटं हातात झाडू असतो. पतंजलींच्या योगाच्या आठ अंगांत आसन तिसरं येतं, आधी यम आणि नियम, म्हणजे वागण्याची शिस्त. तुम्हालाही लेकरांना योगातून निःस्वार्थीपणा शिकवायचा असेल, तर अस्तेय, अपरिग्रह हे शब्द त्यांच्यावर टाकू नका. 'दुसऱ्याचं घ्यायचं नाही, लागतं त्याहून जास्त साठवायचं नाही' एवढं पुरतं.

माझी एक चूक आधी सांगतो. सुरुवातीला मी फळ्यावर नावं लिहिली आणि काम करणाऱ्यापुढे खडूनं चांदणी काढायला लागलो. तिसऱ्या रविवारी झाडूच गायब! एका पठ्ठ्यानं रात्रीच नेऊन घरी लपवला होता, सकाळी पहिला नंबर आपलाच लागावा म्हणून. फळा पुसला, तो आजतागायत कोरा आहे. 'कर्मण्येवाधिकारस्ते' मी आयुष्यभर पाठ करून घेतलं, अर्थ मला त्या दिवशी लागला. आमच्या गावच्या संतकवी दासोपंतांनी गीतेवर सव्वा लाख ओव्या रचल्या. लेकरांना मात्र वर्षाला एक श्लोक भरपूर झाला.

यंदाचा श्लोक तिसऱ्या अध्यायातला तेरावा: जे फक्त स्वतःसाठी शिजवतात ते पापच खातात. तो असा शिकवा. प्रत्येकानं घरून काहीतरी फडक्यात बांधून आणायचं आणि टोपलीत ठेवायचं. फडकी सगळी सारखी, मीच दिलेली. कुणाच्या घरून भाकरी येते, कुणाच्या घरून नुसता कांदा. कुणाचं काय ते कळता कामा नये. नियम एकच, आपलं आणलेलं आपण खायचं नाही. पहिल्या दिवशी एका पोरीचे धपाटे पटकन संपले आणि तिच्या वाट्याला कोरडी भाकर आली. रडली. तिला समजावत बसलो नाही. पुढच्या रविवारी तिनंही हुशारीनं कोरडी भाकरच आणली. त्याच्या पुढच्या रविवारी टोपलीत पुन्हा धपाटे दिसले. का, ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

आसनं खाण्याआधी, रिकाम्या पोटी. तीन सूर्यनमस्कार बस्स. वृक्षासन जोडीनं, तळव्याला तळवा लावून. एक डुलला की दुसऱ्यालाही डुलावं लागतं, मग आपोआप एकमेकांना सावरतात. लहानांना श्वास रोखायला लावू नका. पोटावर हात ठेवून तो वर-खाली होताना पाहिला की झालं.

गोष्ट सांगायची तर पैठणच्या नाथांची. रामेश्वराला न्यायचं गंगेचं पाणी त्यांनी वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजलं. सांगून गप्प बसा. तात्पर्य सांगितलं की गोष्ट मेली.

एक मात्र डोळ्यात तेल घालून बघा. दरवेळी माघार घेणारं लेकरू निःस्वार्थी असतंच असं नाही. कधी ते नुसतं भ्यालेलं असतं. पोरींच्या बाबतीत तर जास्तच, कारण 'दादाला दे' हे त्या घरी रोज ऐकतात. आमच्याकडे टोपलीतून पहिली निवड त्यांची. 'नको' म्हणायलाही शिकवतो.

आषाढीआधी शेगावची पालखी आमच्या गावातून जाते. तेव्हा लेकरं माठ भरून रस्त्याकडेला उभी राहतात. फोटो काढायचा नाही, घरचा मोबाईल घरीच. वारकरी पाणी पितो आणि न बघता पुढं निघून जातो. एकानं विचारलं, "सर, त्यांनी माझं नावसुद्धा नाही विचारलं?" म्हटलं, तू त्यांचं विचारलंस का? पालखी गेल्यावर पेले विसळायला चौघंच उरतात. त्यांत पाचवा मी बसतो.