ग्रेट टेस्ट अवॉर्डला आपली चटणी-लोणचं पाठवायचंय? मग आधी हे वाचा

इंग्लंडात राहून घरगुती पातळीवर मसाले, लोणची, चिवडा, लाडू विकणारी बरीच मराठी मंडळी आहेत आणि त्यातल्या निम्म्यांचा तरी कधी ना कधी हा प्रश्न असतोच, की ते बरणीवर काळं-सोनेरी गोल लेबल असतं ना स्टार्सवालं, ते कसं मिळतं. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितेय.

ते लेबल म्हणजे ग्रेट टेस्ट. गिल्ड ऑफ फाइन फूड नावाची संस्था 1994 पासून हे अवॉर्ड चालवते. ही संस्था मुळात छोट्या डेली, फार्म शॉप, चीजची दुकानं आणि त्यांना माल पुरवणाऱ्या छोट्या उत्पादकांची. डेली म्हणजे आपलं वाण्याचं दुकान नाही, निवडक चीज, लोणची, जॅम, बिस्किटं, ऑलिव्ह असलं सगळं ठेवणारं मालकाचं स्वतःचं दुकान, आणि तो मालक रोज दहा जणांकडून ऐकत असतो की आमचं लोणचं बेस्ट. त्याने कुणाकुणावर विश्वास ठेवायचा? तिथे हे स्टार कामी येतात. तुम्हाला न ओळखणाऱ्या, तुमचं लेबलही न पाहिलेल्या लोकांनी चव घेऊन सांगितलंय की चांगलं आहे, बस, एवढीच त्याची किंमत, पण ती कमी नाही.

आधी एक वैताग सांगून टाकते. दर महिन्याला ईमेल येतात, 'अभिनंदन, तुमचा व्यवसाय अमुक अवॉर्डसाठी नॉमिनेट झालाय', आणि खाली ट्रॉफीचे पैसे भरायची लिंक. तुमचा पदार्थ कुणी खाल्लाच नाही तर अवॉर्ड कशाचं? सरळ डिलीट करा. खऱ्या स्पर्धेची खूण सोपी आहे, तिथे माल पाठवावा लागतो आणि हरलात तर हरता.

आता तयारी. फॉर्म भरायच्या आधी धंदा कागदावर नीट असला पाहिजे, कारण पदार्थ खरोखर विकला जात असला पाहिजे, फक्त स्पर्धेपुरता घरी केलेला चालत नाही. घरच्या किचनमधून विकत असाल तरी लोकल काउन्सिलकडे फूड बिझनेस म्हणून नोंदणी लागते, विक्री सुरू करायच्या निदान 28 दिवस आधी, आणि ती फुकट आहे, त्यामुळे टाळायला कारणच नाही. मग इन्स्पेक्शन होतं, इंग्लंड-वेल्समध्ये 0 ते 5 असं हायजीन रेटिंग मिळतं. डेलीवाले हे रेटिंग हमखास बघतात.

लेबलबद्दल थोडं थांबून लिहिते कारण आपल्या पदार्थांत इथेच घोळ होतो. इथे 14 अ‍ॅलर्जन, म्हणजे अ‍ॅलर्जी करणारे घटक, ठळक अक्षरात दाखवायला लागतात आणि त्यात आपला अर्धा डबा येतो, शेंगदाणे, तीळ, मोहरी, गहू, दूध, काजू-बदाम. खोबरं त्या 14 मध्ये नाही, पण मोहरी आहे, म्हणजे फोडणी दिलेलं कुठलंही लोणचं आलंच. आणि सगळ्यात लपून बसणारा म्हणजे हिंग. डबीतला हिंग शुद्ध नसतो, त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, डबीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं बघा. 'ग्लुटेन फ्री लिंबाचं लोणचं' असं लेबल लावलंत आणि आत असा हिंग असेल तर ते अवॉर्ड वगैरे राहू द्या, कुणी आजारी पडलं तर धंदाच बंद. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो शोधा नाहीतर गहू ठळक लिहा.

मग कुठला पदार्थ पाठवायचा. एकच पाठवा पहिल्या वर्षी. प्रत्येक पदार्थाची फी वेगळी लागते, ती तुमच्या वर्षाच्या उलाढालीनुसार ठरते, छोट्यांना कमी, मोठ्यांना जास्त, वर व्हॅट, वर माल, वर कुरिअर. हौसेला मोल नाही म्हणतात पण इथे प्रत्येक हौसेची वेगळी पावती फाटते.

एक निवडताना 'आमच्याकडे सगळ्यांना आवडतं' हा निकष ठेवू नका. परीक्षक म्हणजे शेफ, दुकानदार, खरेदी करणारे बायर, खाण्यावर लिहिणारे लोक, तीन-चार जणांचं टेबल, समोर एकामागून एक पदार्थ येतायत, तुमच्या आधी स्मोक्ड मासा असेल आणि नंतर कॅरॅमल सॉस. पॅकिंग काढून साध्या ताटलीत येतं, नाव नाही, ब्रँड नाही, तुमच्या आज्जीची गोष्ट नाही. दोन घासांत जे काय बोलायचं ते पदार्थानेच बोलायचं.

या हिशोबाने बघितलं तर शेंगदाण्याची किंवा लसणीची कोरडी चटणी मला सगळ्यात सेफ वाटते. टिकते, सांडत नाही, चव पहिल्या चिमटीत कळते आणि इथल्या बाजारात त्यासारखं दुसरं फारसं नाही. लिंबाचं गोड-तिखट लोणचंही चांगलं, इथल्या लोकांना चीजबरोबर चटणी खायची सवय आहे, त्यात ते बसून जातं. कैरीचं लोणचं पाठवायला हरकत नाही पण कोय आणि कडक फोडी असतील तर ज्याला माहीत नाही तो दात सांभाळत बसेल. चकली, बाकरवडी जोखमीची, कारण तेलाचा पदार्थ, जरा जुना झाला की खवट वास, आणि त्यांच्या नाकाला तो आपल्या आधी कळतो. पाठवायचीच असेल तर कुरिअर निघायच्या आदल्या दिवशीची तळलेली पाठवा, दिवाळीच्या डब्यातली उरलेली नको. गोडा मसाल्याचं तर वेगळंच प्रकरण आहे, तो नुसता चमच्याने खायचा पदार्थ नाही, म्हणजे त्यांच्या किचनमध्ये कुणीतरी तो शिजवून परीक्षकांपुढे ठेवणार. तुम्ही रेसिपीत चिंच, गूळ, ओलं खोबरं, कढीपत्ता असं सगळं लिहिलंत तर त्या माणसाच्या हातून काय होईल ते देवालाच ठाऊक. साधी तुरीची आमटी, मोजून पाच गोष्टी, ग्रॅममध्ये आणि मिनिटांत लिहिलेली, एवढंच द्या.

आणि इथेच खरी मेख आहे. माझ्या मते स्पर्धेची अर्धी लढाई फॉर्ममधल्या दोन रकान्यांत असते, पदार्थाचं वर्णन आणि कसा वाढायचा त्याची सूचना. लोक तिथे 'पारंपरिक, प्रेमाने बनवलेली, अस्सल चव' असलं काहीतरी लिहून मोकळे होतात. परीक्षकाला त्यातून काय कळलं? काहीच नाही. त्याने आयुष्यात कोरडी चटणी पाहिलेली नाही, त्याच्या डोक्यात चटणी म्हणजे मँगो चटणी, चिकट, गोड, बरणीतून चमच्याने काढायची. त्याच्यासमोर लाल भुकटी आली की तो लिहिणार, फार कोरडी आहे, ओलावा हवा. तो चुकला असं नाही, तुम्ही सांगितलंच नाहीत. म्हणून असं लिहा:

'महाराष्ट्रातली कोरडी चटणी. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल मिरची, मीठ. मुद्दाम भरड आणि कोरडी ठेवली आहे, किंचित तेल सुटलेलं दिसेल ते शेंगदाण्याचं. लसणीची चव ठसठशीत, तिखट मध्यम.'

आणि वाढायची सूचना अशी: 'आधी चिमूटभर नुसती चाखावी. मग एक टीस्पून चटणी दोन टीस्पून साध्या घट्ट दह्यात मिसळून, साध्या पांढऱ्या ब्रेडच्या तुकड्यावर द्यावी. फ्रिजमध्ये ठेवू नये.'

बघा, दही आणि ब्रेड इंग्लंडातल्या कुठल्याही किचनमध्ये असतं. ज्वारीची भाकरी लिहू नका हो, कुठून आणणार ते. हे अर्थात मराठीत नाही, इंग्लिशमध्येच लिहायचंय, फॉर्ममध्ये जागा मोजकी असते, त्यामुळे आधी कागदावर लिहून एखाद्या इंग्लिश शेजाऱ्याला वाचायला द्या, सोबत बरणी द्या आणि स्वतः न बोलता बघत बसा तो काय करतो. तो चमचा भरून तोंडात टाकायला लागला तर सूचना बदला, शेजारी नको.

कॅटेगरी नीट वाचून निवडा, चटणी शब्द दिसला म्हणून त्या खणात टाकू नका, तिथे फळांच्या गोड चटण्यांबरोबर तुमची तुलना होते. शंका असेल तर गिल्डच्या ऑफिसला ईमेल करून विचारा.

वेळापत्रक साधारण असं असतं की वर्षाच्या सुरुवातीला एंट्री उघडतात, गिल्डच्या सभासदांना आधी, मग बाकीच्यांना, आणि मग वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत चाखणं चालतं. तुमचा माल कुठल्या तारखेला कुठे पोचवायचा ते कळवतात. नेमक्या तारखा दर वर्षी बघून घ्या. लोणचं पाठवताना बरणीचं झाकण टेपने बंद, मग पिशवी, मग बबल रॅप, मग खोका, कारण तेल झिरपलं की बाकीचं सगळं माखतं आणि उघडणाऱ्याचा मूड आधीच गेलेला असतो.

निकाल उन्हाळ्यात लागतात. आकडे पाहिलेत तर पाय जमिनीवर राहतील. 2023 मध्ये 109 देशांतून 14,195 पदार्थ आले होते, त्यातल्या 4,088 ना एक स्टार, 1,568 ना दोन आणि फक्त 248 ना तीन. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक हात हलवत परत. तीन स्टारसाठी एका टेबलाला आवडून भागत नाही, तिथल्या सगळ्या परीक्षकांचं एकमत लागतं. त्याच्याही वर गोल्डन फोर्क नावाची खास बक्षिसं आणि सगळ्यात वर सुप्रीम चॅम्पियन, म्हणजे त्या वर्षीचा सर्वोत्तम पदार्थ. 2019 ला तो मान मिळाला आयर्लंडच्या Cuinneog कंपनीच्या लोण्याला, साय आंबवून, घुसळून काढलेलं लोणी, म्हणजे आपल्या घरोघरी व्हायचं तेच की. साध्या पदार्थाला कमी लेखू नका एवढ्यासाठी सांगितलं.

स्टार नाही मिळाला तरी परीक्षकांचा लेखी अभिप्राय प्रत्येकाला मिळतो, आणि खरं सांगायचं तर फीचे पैसे त्यात वसूल होतात. पण तो वाचायची एक पद्धत आहे. पहिल्या दिवशी वाचून राग येतो, येऊ द्या. आठवड्याने परत वाचा आणि काय म्हटलंय ते वेगळं काढा. 'लसूण कडवट लागतोय', 'तेल जुनं वाटतंय', 'मीठ तोंडावर येतंय' हे मुकाट्याने मान्य करायचं, ती तांत्रिक चूक आहे, कढई उतरवायला उशीर झाला किंवा शेंगदाण्याची सालं राहिली असं काहीतरी. 'तिखट जास्त' म्हणाले तर गिऱ्हाईक कोण त्यावर ठरवा. आणि 'जॅमसारखी दाट असती तर बरं' असं काही असेल तर ते सोडून द्या, चटणी बदलायची नाही, पुढच्या वर्षी वर्णन बदलायचं.

मिळाला स्टार तर लेबल वापरायचे नियम वाचा, स्टार त्या एका पदार्थाचा असतो, तुमच्या सगळ्या दुकानाचा नाही, त्यामुळे शेंगदाणा चटणीचा स्टार कारळ्याच्या बरणीवर चिकटवायचा नाही. कृती बदललीत, स्वस्त मिरची घेतलीत, तर ती चाखलेली चटणी राहिलीच नाही.

मग डेलीत जायचं. शनिवारी दुपारी गर्दीत जाऊ नका, मधल्या वारी सकाळी जा, आधी फोन करून. एक बरणी, एक पान माहिती, होलसेल भाव. भावात बरेच जण फसतात. तुम्ही बाजारात पाच पाऊंडाला विकता आणि दुकानालाही साडेचारला देता, तो कशाला घेईल? त्याला विक्रीच्या किमतीतला साधारण तिसरा हिस्सा तरी सुटला पाहिजे. म्हणजे पाचची बरणी त्याला सव्वातीनच्या आसपास द्यायची आणि त्यातही तुम्हाला उरलं पाहिजे, नसेल उरत तर आधी किंमत नाहीतर बरणीचा आकार बदला. आणि पहिल्यांदा सहा बरण्यांचा खोका द्या, चोवीस गळ्यात मारू नका.

ज्यांना हे सगळं फार वाटतंय त्यांच्यासाठी सोपी सुरुवात म्हणजे मार्मलेड अवॉर्ड्स (मार्मलेड म्हणजे संत्र्याचा जॅम), उत्तर इंग्लंडातल्या कंब्रियातल्या डेलमेन नावाच्या जुन्या वाड्यात 2005 पासून होतात, आणि त्यात घरगुती गट आहे, धंदा नसला तरी बरणी पाठवता येते. जानेवारीत सेव्हिलची कडू संत्री येतात, साखरआंब्याला पाक जमतो त्यांना हे जमेल. दुकान चालवणाऱ्यांसाठी बीबीसीचे फूड अँड फार्मिंग अवॉर्ड्स आहेत, 2000 पासून चालू, तिथे लोकांनी तुमचं नाव सुचवायचं असतं, म्हणजे गिऱ्हाइकांना जरा लाज सोडून सांगायचं.

भारतातूनही पाठवता येतं बरं का. मुंबईच्या एलेफ्थेरिया चीजच्या ब्रुनोस्टला, म्हणजे नॉर्वेच्या पद्धतीच्या तपकिरी चीजला, 2021 मध्ये स्पेनमधल्या ओविएदोला वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये सिल्व्हर मिळालं, ती स्पर्धासुद्धा याच गिल्डची, 1988 पासूनची. पण पुण्या-नाशिकहून ग्रेट टेस्टला पाठवणार असाल तर पहिल्यांदा कोरडे, शाकाहारी पदार्थच बघा, दूध-तूप असलं की इथल्या आयातीचे नियम कडक होतात, आणि पार्सल कस्टम्समध्ये अडकून तारीख गेली की फी गेलीच.

शेवटची गोष्ट, निकाल लागतात तेव्हा दुकानदार ख्रिसमसच्या ऑर्डरी ठरवत असतात आणि सप्टेंबरात लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शन केंद्रात स्पेशालिटी अँड फाइन फूड फेअर भरतो, सगळे बायर तिथे फिरतात. त्यामुळे स्टार मिळाला तर फोन तेव्हाच येतील. त्याआधी एका रविवारी बसून मोजा की तुमच्या मिक्सरवर आणि दोन हातांवर आठवड्याला किती बरण्या होतात, आणि कुणी दोनशे मागितल्या तर किती तारखेला देणार ते कागदावर लिहून ठेवा.