डायरेक्टने फंडस दिसत नसेल तर आधी स्वतःचा डोळा सैल सोडा

ऑप्थॅल्मची, म्हणजे डोळ्यांच्या विभागाची, पोस्टिंग नुकतीच लागलेल्यांसाठी लिहितेय. डायरेक्ट म्हणजे डायरेक्ट ऑप्थॅल्मोस्कोप, पेशंटच्या डोळ्यात बघायचं हातातलं यंत्र, आणि फंडस म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा भाग. उजव्या डोळ्याला उजवा हात आणि आपलाही उजवाच डोळा, पेशंटला लांब बघायला सांगायचं, कानाच्या बाजूने साधारण १५ अंशांतून आत यायचं, हे तुम्हाला पाठ असणार. तरी आत नुसता लाल धुरकट गोळा दिसतो, मागून सर विचारतात "डिस्क दिसली का?" आणि आपण म्हणतो "हो सर". (डिस्क म्हणजे मेंदूकडे जाणारी नस पडद्यावर जिथे सुरू होते ती गोल जागा.) अख्खी बॅच हेच म्हणते, उगाच स्वतःला ढ समजू नका.

मी अडकले होते ते अकोमोडेशनमध्ये, म्हणजे जवळचं बघताना डोळा जो जोर लावतो त्यात. पेशंटच्या नाही, माझ्या स्वतःच्या. नंबर नसलेल्या डोळ्याच्या पडद्यावरून परत येणारा प्रकाश समांतर बाहेर पडतो, म्हणजे आपल्या डोळ्याच्या हिशोबाने ती डिस्क खूप लांब आहे. पण डोक्याला माहीत असतं की पेशंट नाकाशी आलाय, त्यामुळे आपला डोळा आपोआप जवळचं बघायला लागतो, आणि विशीत तर दहाएक डायॉप्टरची (चष्म्याचा नंबर मोजतात ते एकक) ताकद असते आपल्याकडे. चित्र धूसर झालं की आपण यंत्रावरचं लेन्सचं चाक फिरवून लाल आकड्यांवर, म्हणजे मायनसमध्ये जातो, क्षणभर बरं दिसतं, पण मायनस आला की डोळा अजून जोर लावतो, मग अजून मायनस, असं करत लाल सहावर पोचलो की कपाळ ठणकायला लागतं आणि वाटतं समोरच्या पेशंट आजींना मायनस सहा नंबर आहे. आजी मात्र बिनचष्म्याच्या समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचतायत!

म्हणून काळ्या आकड्यांपासून, प्लसपासून सुरुवात करा आणि हळूहळू खाली या. पहिल्यांदा शीर स्पष्ट दिसली की तिथेच थांबा, अजून थोडं शार्प करायचा मोह नको. दुसरा डोळा मिटू नका, आणि आजींच्या डोक्यातून आरपार पलीकडची भिंत बघताय असं समजा. खुळ्यासारखं वाटतं, पण होतं त्याने. स्वतःचा चष्मा असेल तर काढून तेवढा नंबर चाकावर घ्या, सिलेंडर (अस्टिग्मॅटिझमचा नंबर) जास्त असेल तर मात्र चष्मा ठेवूनच बघा.

आणि जवळ जा हो! हाताची बोटं पेशंटच्या गालाला टेकली पाहिजेत. तंबाखूचा वास येतो, लाज वाटते, सगळं मान्य, पण लांबून काही दिसत नाही. डायरेक्टमध्ये चित्र १५ पट मोठं असतं, पण एका वेळी पाचेक अंशांचाच तुकडा दिसतो, म्हणजे जेमतेम डिस्कएवढा. डिस्क सापडत नसेल तर कुठलीही एक शीर पकडा आणि ती जाड होत जाते त्या दिशेला सरका.

पॅनऑप्टिक नावाच्या दुसऱ्या ऑप्थॅल्मोस्कोपमध्ये २५ अंश दिसतात, मोबाइल आणि २० डायॉप्टरची लेन्स घेऊन फोटोही झकास येतात, मी पण काढते. पण रात्री कॅज्युअल्टीत ड्रॉवरमध्ये साधा डायरेक्टच असतो, तोही अर्ध्या चार्जिंगचा, त्यामुळे आधी तो शिका. आणि शिकवणारा असा शोधा जो "दिसलं का" न विचारता "काय दिसलं, काढून दाखव" म्हणतो. कागदावर कप (डिस्कच्या मधला खोलगट भाग) काढायला लावला की सगळं उघडं पडतं.

सुरुवातीला बाहुली मोठी केलेलेच पेशंट बघा, ट्रॉपिकामाइड टाकून वीस-तीस मिनिटं थांबायचं. पण डोक्याला मार लागलेल्या, ज्याच्या बाहुल्यांवर तासातासाला लक्ष ठेवलंय अशा पेशंटला न विचारता ड्रॉप टाकायचा नाही म्हणजे नाही. ड्रॉप टाकण्याआधी डोळ्याचा पुढचा कप्पा (बुबुळाच्या पुढची जागा) उथळ आहे का तेही बाजूने टॉर्च मारून बघून घ्या.

लहान मुलांत डिस्क दिसली नाही तर मनाला लावून घेऊ नका, ती स्थिर बसतच नाहीत. हातभर लांबून लाल चमक दोन्हीकडे सारखी आहे का एवढं बघितलं तरी मोठं काम झालं. एका बाजूला पांढरं चमकलं तर मात्र "पुढच्या आठवड्यात या" म्हणू नका, रेटिनोब्लास्टोमा (पडद्याचा कॅन्सर) नाही हे कळेपर्यंत तो तसाच समजायचा, आणि त्याच दिवशी सिनियरला दाखवायचं.