12 टेस्टर जमवताना माझी उडालेली तारांबळ

आईच्या भिशीचा हिशोब ठेवायला मी एक छोटं अँड्रॉइड ॲप केलं. कोडिंग त्यामानाने पटकन झालं, पण ते लोकांच्या फोनवर टेस्टिंगला पोचवताना जी दमछाक झाली त्याबद्दल कोणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून लिहितेय.

पहिला घोळ माझाच. एपीके (ॲप फोनवर बसवायची फाइल) सरळ व्हॉट्सॲपवर टाकली, भिशीतल्या काकूंनी घातली आणि दोन महिन्यांचे हप्तेही भरले त्यात. नंतर प्ले स्टोअरच्या टेस्टिंगवर गेले तर जुन्यावर नवीन बसेचना! माझ्या लॅपटॉपवर बनलेल्या एपीकेची सही (ॲप कोणाकडून आलं याची डिजिटल खूण) वेगळी आणि प्ले स्टोअरवरून येते ती गुगलकडच्या डिजिटल किल्लीने सही केलेली, त्यामुळे फोन अपडेट घ्यायलाच तयार नाही. जुनं काढायला लावलं, डेटा फोनमध्येच होता, गेला सगळा. काकूंचा माझ्यावर विश्वास नव्हता, वहीत पण लिहीत होत्या, म्हणून वाचले.

आता ते 12 चं प्रकरण. प्ले स्टोअरवर ॲप टाकायचं पर्सनल डेव्हलपर अकाउंट 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलं असेल तर ॲप सगळ्यांसाठी टाकायच्या आधी क्लोज्ड टेस्टिंगमध्ये (फक्त निवडलेल्या लोकांना ॲप मिळतं ती चाचणी) किमान 12 जण सलग 14 दिवस असावे लागतात (आधी 20 होते, डिसेंबर 2024 मध्ये कमी केले, देव पावला). मी आठवडाभर इंटर्नल टेस्टिंगवर (ही त्याहून छोटी, झटपट चाचणी) लोक जमवत बसले, तिथे 100 पर्यंत घेता येतात आणि बिल्डही (ॲपची तयार आवृत्ती) लवकर मिळतो, पण ते या 12 मध्ये धरतच नाहीत.

बरं, यादीत ईमेल टाकला की झालं असंही नाही, समोरच्याने लिंक उघडून स्वतः टेस्टर व्हायला लागतं. मामाला लिंक उघडली की ॲप सापडतच नव्हतं, अर्धा तास फोनवर डोकं लावलं तेव्हा कळलं की मामाच्या फोनमध्ये दोन जीमेल आहेत, यादीत एक आणि प्ले स्टोअर चालू दुसऱ्यावर. तेव्हा ईमेल विचारताना "प्ले स्टोअर उघडून वर कोपऱ्यातला फोटो दाबा, तिथे दिसतो तो पाठवा" असंच सांगा. आणि मोजून 12 घेऊ नका, 15-16 तरी घ्या. माझी एक मैत्रीण नवव्या दिवशी बाहेर पडली आणि मी 11 वर आले, परत पहिल्यापासून.

त्या दिवसांत लोक काय म्हणाले आणि तुम्ही काय बदललं हे लिहून ठेवा, प्रॉडक्शनचा (म्हणजे ॲप सगळ्यांसाठी खुलं करायचा) अर्ज करताना विचारतात. "छान आहे" चा काही उपयोग नाही, काकूंचं "तारीख मागची टाकता येत नाही गं" हे सोन्यासारखं.

आयफोनवाल्यांसाठी टेस्टफ्लाइट, ॲपलची टेस्टिंगची सोय. आपल्या टीमबाहेरचे 10,000 पर्यंत टेस्टर चालतात, पण त्यांच्यासाठी पहिला बिल्ड ॲपल तपासतं आणि कुठलाही बिल्ड 90 दिवसांनी बंद पडतो. शिवाय डेव्हलपर अकाउंटचे वर्षाला 99 डॉलर, गुगलचे 25 एकदाच. आमच्या भिशीत आयफोन एकच आहे, त्या वहिनींना सध्या वहीच दिलीय.