घरच्या वंदनेत कोणती कृती कशासाठी

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास, म्हणजे भिक्खूंनी एकाच ठिकाणी राहण्याचा पावसाळी काळ. या तीन महिन्यांत सातारा-सांगलीकडे विहारांबरोबर घरोघरीही बुद्धवंदना होते. दरवेळी बौद्धाचार्य (विधी चालवणारे गृहस्थ) मिळतातच असं नाही, पण त्यावाचून अडत नाही. घरात ज्याला गाथा (पाली श्लोक) नीट येतात त्याने पुढे म्हणाव्यात, बाकीच्यांनी मागून.

टेबलावर पांढरं कापड, त्यावर तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची प्रतिमा, पुढे मेणबत्ती, अगरबत्ती आणि ताटलीत सुटी फुलं. पावसाळी वाऱ्याने मेणबत्ती सारखी विझते, म्हणून ती काचेच्या ग्लासात लावा आणि हारापासून लांब ठेवा. सांगलीत हळद काय, घरात हाताशी असतेच. म्हणून सवयीने मूर्तीला हळद-कुंकू लागतं. ते टाळा. नारळ, कापूर, नैवेद्यही नको. इथे कुणाला प्रसन्न करून घ्यायचं नाही.

आधी तीन वेळा पंचांग प्रणाम. मग ‘नमो तस्स’ हे बुद्धांना वंदन तीनदा आणि त्रिसरण, म्हणजे बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं. पुढे पंचशील, म्हणजे वागणुकीची पाच शीलं. भन्ते (भिक्खू) हजर असतील तर शील देण्याची याचना त्यांच्याकडे करायची, नसतील तर ती गाथा गाळायची. ‘समादियामि’ (मी स्वीकारतो) म्हणताना शील आपण स्वतः घेतो, दुसऱ्याच्या वतीने घेता येत नाही. पाचवं, नशा न करण्याचं शील म्हणून झाल्यावर मांडवामागे बाटली उघडली, तर गाथा पाठ असून उपयोग काय?

मग पुष्पपूजा, आणि सगळ्यात जास्त घाई इथेच होते. फुलं वाहताना म्हणायच्या गाथेचा शेवट असा:

पुप्फं मिलायाति यथा इदं मे
कायो तथा याति विनासभावं

हे फूल जसं कोमेजतं, तसं हे शरीरही नाश पावतं. म्हणून प्लास्टिकचं फूल इथे चालत नाही; ते कोमेजतच नाही. निशिगंधाचं एक फूल दोन्ही हातांत धरा, ओळ पुरती म्हणून होऊ द्या, मग वाहा. सुकलेली फुलं दुसऱ्या दिवशी लगेच उचलायची घाई नको, मुलांना ती बघू द्या. दीप आणि धूप यांच्या गाथा छोट्या आहेत. त्यानंतर त्रिरत्न वंदना, भीमस्मरण, ‘सब्बपापस्स अकरणं’ आणि ‘भवतु सब्ब मंगलं’. न धावता सगळं अर्ध्या तासात होतं.

विधी मुळीच नको, असं बुद्धांनी म्हटलेलं नाही. राजगृहात सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगालाला त्यांनी थांबवलं नाही. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, असा त्या नमस्काराला नवा अर्थ दिला. मात्र नुसत्या व्रतांनी आणि विधींनी शुद्धी होते ही समजूत, सीलब्बतपरामास, त्यांनी मुक्तीच्या आड येणाऱ्या बंधनांत मोजली.

परित्राण पाठाच्या, म्हणजे रक्षणासाठी सुत्तं म्हणण्याच्या वेळी ही समजूत हमखास डोकं वर काढते. स्वच्छ भांड्यात पाणी, त्यात पांढऱ्या सुताचं एक टोक, दुसरं टोक सगळ्यांच्या हातांतून फिरवलेलं. मग मंगल, रतन आणि करणीयमेत्त (मैत्रीचं) सुत्तं. शेवटी सूत मनगटाला बांधतात. त्याचा गंडा-ताईत होऊ द्यायचा नसेल तर बांधण्याआधी मेत्त सुत्ताचा अर्थ दोन मिनिटं मराठीत सांगा, आणि सूत मळलं की खुशाल कापून टाका.